भिंतीतले आकडे

घर आम्ही एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईंकडून घेतलं. आर्नहेमहून बसनं पंचवीस मिनिटांवर, झाडीच्या कडेच्या एका गावात. रस्त्यावरची बाकी घरं विटांची आणि एकमेकांना चिकटलेली. हे एकच सुटं, आडव्या लाकडी फळ्यांचं, काळपट तपकिरी. मी आर्नहेममधल्या एका वीज कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, नवरा घरूनच काम करतो. त्याआधी पाच वर्षं आम्ही नीउ-व्हेनेपला एका नव्या वसाहतीत भाड्यानं राहिलो. तिथं एका ओळीत वीस सारखी दारं होती आणि मुलगी लहान असताना दोनदा भलत्याच दारापाशी जाऊन रडत उभी राहिली होती. म्हणून मला हे वेगळं दिसणारं घर आवडलं. नवरा म्हणाला, "लाकूड आहे गं. इथला पाऊस बघतेस ना?" पण शेवटी तयार झाला.

सह्या करायला नोटरीच्या ऑफिसात जमलो तेव्हा बाई चाकांचा वॉकर ढकलत एकट्याच आल्या होत्या. कागद वाचून झाले, सह्या झाल्या, हात मिळवून झाले. मग त्या मला म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. हे घर माझ्या वडिलांनी बांधलंय. स्वतःच्या हातांनी. कागदात ते कुठं लिहिलेलं नाही, म्हणून सांगते."

मी म्हणाले, "आम्ही नीट सांभाळू." दुसरं काय म्हणणार?

बाई गावातच, वयस्कर लोकांसाठीच्या एका छोट्या फ्लॅटमधे राहायला गेल्या. एका बुधवारी दुपारी त्या फाटकापाशी उभ्या दिसल्या. अंगणातल्या नासपतीच्या झाडाला फळं धरलीत का, एवढंच बघायला आले म्हणाल्या. बुधवारी इथल्या शाळा लवकर सुटतात, त्यामुळं मी त्या दिवशी सुट्टी घेते. मी त्यांना आत बोलावलं, कॉफी दिली. पुढच्या बुधवारी त्या पुन्हा आल्या, आणि मग तो शिरस्ताच पडला. एक कप कॉफी, एक बिस्किट, मग माझ्या मुलीबरोबर पत्त्यांचे दोन डाव. मुलगी नऊ वर्षांची. माझ्या आईशी फोनवर बोलताना ती चार मराठी शब्दांतच अडखळते, पण या बाईंना 'ओमा' म्हणजे आजी म्हणून हाक मारून डचमधे अखंड बडबड करायची. मी त्यांना 'मेफ्राउ' म्हणजे बाई म्हणायची. माझं डच तुटकं होतं. बाई माझ्यासाठी सावकाश बोलायच्या आणि चुकलं तरी हसायच्या नाहीत.

त्या बोलायच्या ते घराबद्दल. म्हणजे खरं तर वडिलांबद्दल. युद्धात त्यांच्या वडिलांना सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीत नेलं होतं. परत आले तेव्हा गावातलं त्यांचं जुनं घर जळून गेलेलं. मग त्यांनी हे घर उभं केलं. बाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. "मी एप्रनच्या खिशात खिळे घेऊन उभी राहायची," त्या सांगायच्या. "ते हात पुढं करायचे, मी एक खिळा द्यायची. निळी टोपी असायची डोक्यावर. सतत शीळ घालायचे. मला 'बॉस' म्हणायचे. 'बॉस, आणखी एक.'"

हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. पुढचं मात्र त्या थोडक्यात उरकायच्या. घर झाल्यानंतर वडील बोलेनासे झाले. खिडकीशी एका खुर्चीत बसून राहायचे. मुलांना जवळ घेणं नाही, रागावणंही नाही. बाईंच्या लग्नालाही ते आले नाहीत, घरीच बसले. "पण त्यांनी आम्हाला घर बांधून दिलं," असं म्हणून बाई कप बशीत ठेवायच्या.

आमच्या पहिल्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच मागच्या खोलीच्या भिंतीवर बुरशी आली. मुलीची खोली होती ती. तिला सारखा खोकला येऊ लागला, म्हणून आम्ही एका सुताराला बोलावलं. त्यानं आतल्या फळ्या काढल्या आणि मला हाक मारली. "हे बघा," म्हणाला. आतल्या उभ्या वाशावर काळ्या शाईचा ठसा होता, एक अक्षर आणि चौदा. पलीकडच्या वाशावर तेच अक्षर आणि पंधरा. त्याच्या पलीकडं सोळा.

"हे खोक्यातून आलेलं घर आहे," तो म्हणाला. "युद्धानंतर इकडं घरांची फार टंचाई होती. तेव्हा ऑस्ट्रियातून अशी लाकडी घरं आणली होती. कारखान्यात सगळे भाग कापून, आकडे टाकून रेल्वेच्या वाघिणीतून पाठवायचे. इथं आल्यावर आकड्याला आकडा जुळवून उभं करायचं. असेल बहुतेक त्यातलं."

मी म्हणाले, "ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या वडिलांनी बांधलंय ते."

त्यानं खांदे उडवले. "कुणीतरी जोडलं तर असणारच."

एवढ्यावर ते थांबलंही असतं. पण ओल येत होती ती मुख्यतः जुन्या खिडक्यांतून. त्या बदलायच्या म्हणून आम्ही खेमेंतेकडं, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडं अर्ज केला. उत्तर आलं की घर युद्धानंतरच्या तयार घरांपैकी असेल तर त्याला कदाचित वारसा म्हणून संरक्षण लागू होईल आणि खिडक्या तशाच लाकडी, तशाच मापाच्या बसवाव्या लागतील. घर नेमकं कोणत्या प्रकारचं आहे ते मालकांनी पुराव्यासह कळवावं.

नवरा म्हणाला, "लिहून टाक, आम्हाला माहीत नाही. ते बघून घेतील."

"असं कसं? शोधता येईल की."

"तुला शोधायचंच आहे, असं म्हण."

त्याचं खरं होतं. माझं काम दिवसभर तेच असतं. समोरचा म्हणतो सगळं ठीक चाललंय, आणि कुठं ठीक नाही ते मी हुडकते. मी टेप घेऊन घर मोजायला लागले. खिडक्यांमधलं अंतर, फळ्यांचे जोड, आतल्या भिंती. सगळं एकाच मापाच्या पटीत निघालं. एवढं तंतोतंत हातानं होत नाही. माळ्यावर टॉर्च घेऊन गेले तर छताच्या प्रत्येक वाशावर आकडा. जिन्याखालच्या कपाटाची पाठ काढली तर तिच्यावर पेन्सिलीनं जर्मनमधे 'स्वयंपाकघर, डावीकडे' असं लिहिलेलं. एका रविवारी सायकलवरून शेजारच्या गावात गेले आणि तिथं आमचं घर दिसलं. तेच छप्पर, तीच खिडक्यांची मांडणी, फक्त आरशात बघावं तसं उलटं. त्याच्या पुढं आणखी दोन. मी सायकल धरून त्या घरांसमोर बराच वेळ उभी राहिले. उत्तर मिळाल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

बुधवारी मी बाईंना वाशांवरच्या आकड्यांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले. "वडिलांनीच घातलेत," म्हणाल्या. "ते प्रत्येक गोष्टीला नंबर घालायचे." मी पेन्सिलीचं लिखाण दाखवलं. "हे जर्मन आहे," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "अर्थात. तीन वर्षं तिकडं होते ना. शिकले असतील." मी शेजारच्या गावातल्या घरांबद्दल सांगितलं. त्यावर त्यांनी जरा विचार केला. "त्यांचं बघून लोकांनी बांधली असतील," म्हणाल्या. "वडिलांचा नकाशा असणार कुठंतरी. खेमेंतेत बघा. सापडला तर मला दाखवा. त्यांच्या हातचं माझ्याकडं काहीच नाही."

म्हणजे जुन्या कागदांकडं मला त्यांनीच पाठवलं. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

जुने कागद आर्नहेमच्या दफ्तरखान्यात होते. इतकी वर्षं उलटल्यामुळं ती फाइल आता कुणालाही बघता येत होती. ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून मी गेले. तिथल्या माणसानं राखाडी पुठ्ठ्यात बांधलेली एक पातळ फाइल माझ्यासमोर ठेवली.

पहिला कागद सुट्या भागांची यादी. तीच अक्षरं, तेच आकडे. चौदा, पंधरा, सोळा. दुसरा कागद रेल्वे स्टेशनावर माल उतरवून घेतल्याचा. तिसरा, सहा कामगारांच्या टोळीनं घर तीन आठवड्यांच्या आत उभं केल्याचा. इथपर्यंत मी भराभर फोटो काढत होते. मग एक हातानं लिहिलेलं पत्र आलं. बाईंच्या आईनं खेमेंतेला लिहिलेलं. अक्षर वळणदार होतं, पण मला लागत नव्हतं. एकेक शब्द फोनमधे टाकत वाचायला तास गेला. यजमान गेल्या वसंतापासून मनोरुग्णालयात आहेत, डॉक्टर म्हणतात आणखी निदान वर्ष जाईल, मी दोन मुलांना घेऊन दिराच्या घरी एका खोलीत राहते, तरी मला त्या नव्या घरांपैकी एक मिळावं. शेवटचा कागद चावी मिळाल्याचा. त्यावर सही आईचीच.

म्हणजे घर उभं राहत होतं तेव्हा वडील गावातच नव्हते.

मी फाइल मिटली. दफ्तरखान्यातल्या माणसानं विचारलं, "हवं ते मिळालं का?" मी म्हणाले, "हो." पत्राची आणि चावीच्या कागदाची त्याच्याकडून झेरॉक्स घेतली. का घेतली, सांगता येत नाही. खेमेंतेसाठी पहिले तीन कागद पुरेसे होते.

पुढच्या बुधवारी बाईंनी विचारलं, "नकाशा सापडला का?" मी म्हणाले, "अजून नाही." त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. झेरॉक्स कॉफीच्या कपांखालच्या ड्रॉवरमधे होती. कप काढताना दर वेळी माझा हात तिथं घुटमळायचा.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "त्यांना कशाला सांगायचं? ब्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या."

"त्यांचेच वडील आहेत. मला माहीत आणि त्यांना नाही, हे बरं दिसतं का?"

"बरं दिसतं."

पण मला ते पटेना, आणि त्याला कारण होतं. माझे वडील पुण्याला वारले तेव्हा घरच्यांनी मला तीन दिवस कळवलं नव्हतं. माझ्या प्रोजेक्टची डिलिव्हरी होती, मी तेव्हा इथं एकटी होते, उगाच हातपाय गाळून बसेन, असा सगळ्यांनी मिळून विचार केला होता. त्या तीन दिवसांत मी दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा आईनं 'बाबा झोपलेत' म्हणून सांगितलं होतं. माझ्या भल्यासाठीच होतं ते. पण तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की मी कुणाशी असं वागणार नाही.

तिसऱ्या बुधवारी बाहेर धुकं होतं आणि बाईंनी कोट अंगावरच ठेवला होता. मुलगी वर तिच्या खोलीत होती. बाईंनी विचारलं, "नकाशा?"

मी म्हणाले, "मेफ्राउ, नकाशा नाही. फाइल सापडली."

मग मी सांगितलं. वाघीण, यादी, सहा कामगार, तीन आठवडे. मी थांबले तर त्या म्हणाल्या, "आणि वडील?"

"ते त्या वेळी इस्पितळात होते. तुमच्या आईंचं पत्र आहे."

मी ड्रॉवर उघडला आणि झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली. कसलं इस्पितळ ते त्यात लिहिलेलं होतंच. त्यांनी पत्र सगळं वाचलं नाही. चार-पाच ओळी वाचल्या असतील. मग खालच्या सहीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

त्या म्हणाल्या, "मग तो कोण होता?"

"कोण?"

"शीळ घालणारा."

"त्या सहा जणांपैकी कुणीतरी असेल," मी म्हणाले. "कागदात नावं नाहीत."

"वडिलांनी नंतर कधीच शीळ घातली नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, घर बांधून झालं, आता कशाला घालतील."

इतक्यात मुलगी पत्त्यांचा जोड घेऊन धडधड जिना उतरली आणि 'ओमा, आज मी वाटणार' म्हणाली. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "आज नको," म्हणाल्या. वॉकरला धरून उठल्या. मी पोचवायला येते म्हटलं तर मान हलवून नको म्हणाल्या. कॉफी अर्धी राहिली होती. कागद त्यांनी नेले नाहीत.

त्यानंतरच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मुलगी खिडकीशी पत्ते पिसत बसली होती. तिनं डचमधे विचारलं, "ओमा आजारी आहे का?" मी मराठीत सांगितलं, "थंडी आहे ना, म्हणून." तिनं माझ्याकडं बघितलं आणि पत्ते खोक्यात भरून ठेवले.

तिसऱ्या आठवड्यात मी रव्याचा केक करून त्यांच्या फ्लॅटवर गेले. बाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्यांच्यामागची भिंत दिसत होती.

"मेफ्राउ, मला तुमची माफी मागायची आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी वाटेत दहादा घोकलं होतं.

"कशाची? तुम्ही खरं तेच सांगितलंत."

"पण तसं सांगायला नको होतं."

"तुम्हाला ते खिडक्यांसाठी हवं होतं ना?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मग खेमेंतेला द्यायचं. मला कशाला दिलंत?"

मी हात पुढं केला, पण केकचा डबा फटीतून आत जाण्यासारखा नव्हता. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला द्या तो. तिला गोड आवडतं." आणि दार लावून घेतलं.

त्याच महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. तो हार्लेमला राहतो. घराच्या व्यवहाराच्या वेळी आम्ही एकमेकांना नंबर दिले होते. "आई हल्ली तुमच्याकडं येत नाही का?" त्यानं विचारलं. "दर बुधवारचं ठरलेलं होतं तिचं. आता घरातच बसून असते. आजोबांचा फोटोही भिंतीवरून काढून ठेवलाय. विचारलं तर सांगत नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"

मी फोन धरून स्वयंपाकघरात उभी होते. झेरॉक्स अजून त्याच ड्रॉवरमधे होती. त्याचेही आजोबाच होते ते. माझ्या नियमाप्रमाणं त्यालाही सांगायला हवं होतं.

"नाही," मी म्हणाले. "थंडीमुळं येत नसतील."

"हो, तेच असेल," तो म्हणाला आणि आभार मानून त्यानं फोन ठेवला.

त्या रविवारी आईशी बोलताना मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. बाबांच्या वेळचं तीन दिवसांचंही बोलले. तोवर आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

आई म्हणाली, "तुला तेव्हा नाही सांगितलं, ते चुकलंच आमचं. किती वेळा वाटलं, तुझ्याजवळ बोलावं." मग म्हणाली, "पण त्या बाईंना तू आधी विचारलं होतंस का गं? म्हणजे, त्यांना हे कळायला हवंय का, असं?"

"त्यांनीच नकाशा शोधायला सांगितला होता."

"नकाशा सांगितला होता," आई म्हणाली. मग तिनं नातीला फोन द्यायला सांगितलं. नातीनं 'आजी, कशी आहेस' एवढं म्हणून फोन मला परत दिला.

खेमेंतेनं आमचा पुरावा मान्य केला. घर त्या तयार घरांपैकीच असल्याचं पत्र आलं, कौतुकाचे दोन शब्दही होते त्यात. खिडक्या लाकडीच, जुन्या मापाच्या बसवाव्या लागल्या, पण दुहेरी काचेच्या. मागच्या खोलीची भिंत सुतारानं वाळवून पुन्हा बंद केली. मुलीचा खोकला थांबला. ओल पूर्ण गेली असं मात्र नाही. पावसाची झड लागली की कोपऱ्यात अजून डाग उमटतो आणि मी तो पुसून काढते. घरात फिरताना आता कुठल्याही भिंतीआड कोणता आकडा आहे ते मला माहीत असतं. ते माहीत असून काही उपयोग नाही.

झेरॉक्स मी फाडली नाही. फाडायला मी कोण? बाईंना पाठवली नाही आणि मुलालाही नाही. ती घराच्या कागदांच्या फाइलमधे आहे. आम्ही कधी घर विकलं तर पुढच्या माणसाला ती द्यायची की नाही, हे नवऱ्यानं एकदा विचारलं. मी म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू.

बाई तिथंच राहतात, आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. नासपतीची फळं यंदा भरपूर आली. मुलगी एक पिशवी भरून एकटीच त्यांच्याकडं जाऊन आली. 'ओमानं दार उघडलं, पिशवी घेतली, थँक यू म्हणाली,' एवढंच तिनं सांगितलं. पत्ते खेळलात का, असं मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात त्या मला बसस्टॉपवर भेटल्या. आम्ही दोघीच होतो. मी मान लववली, त्यांनीही लववली.

"नवीन खिडक्या लागल्या म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो. उन्हाळ्यात झालं काम."

"गारठा कमी झाला असेल."

"थोडासा."

त्या रस्त्याकडं बघत राहिल्या. बस आली. ड्रायव्हरनं वॉकरसाठी फळी खाली केली. बाई सावकाश चढल्या आणि पुढच्या, एकट्यासाठीच्या सीटवर बसल्या. मी बसचं कार्ड मशीनला टेकवलं आणि त्यांच्या शेजारून मागं जाऊन बसले.